गच्चीवरची नववी पायरी

आमच्या बिल्डिंगमध्ये सणावाराला फुलं कमी पडली तर कुणी बाजारात धावत नसे. चार जिने चढून गच्चीवर जायचं. तिथे रत्नप्रभाअक्का असायच्याच, पदर खोचलेला, हातात तांदूळ धुतल्याच्या पाण्याची बादली. "काय पूजा आहे?" एवढंच विचारायच्या. सत्यनारायण म्हटलं तर तुळस आणि मरवा, शुक्रवार म्हटलं तर अबोली. नुसतंच "हवी होती" म्हटलं तर मात्र "नुसतें फूल तोडत नाहीत" म्हणून हात हलवत परत पाठवायच्या.

आम्ही सांगलीहून तमिळ मुलखात, वेलचेरीला आलो ते २००६ साली. महेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पेरुंगुडीच्या एका ऑफिसात नोकरी लागली होती. तो सकाळी शेअर ऑटोत बसून जायचा आणि मी दिवसभर घरात. तमिळ येत नव्हतं. इंग्रजी शाळेत पाचवीपासून शिकले होते, पण ते वहीतच राहिलं, तोंडात कधी आलं नाही. महिनाभर मी भाजीवालीशी बोटांनी बोलले. एक दिवस जिन्यात उभी राहून आईला फोनवर सांगत होते, "अगं, शेपू म्हणून मिळतच नाही इथे," तर मागून आवाज आला:

"मराठे कां तुम्ही?"

वळून बघितलं तर तळमजल्यावरच्या राव मामी, म्हणजेच रत्नप्रभाअक्का. नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, केसांत मरवा. मला वाटलं होतं, या इथल्याच. आणि त्या इथल्याच होत्या. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी राजाबरोबर तंजावरला आले, ते परत गेलेच नाहीत. अक्कांनी महाराष्ट्र डोळ्यांनी बघितलेला नव्हता.

"कधी जावंसं वाटलं नाही?" मी विचारलं.

"कशाला गे? तेथें माझें कोण आहे?" मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "तुझी मराठी बरी आहे. जरा घाईची आहे."

त्या दिवसापासून मी त्यांना अक्का म्हणू लागले. बाकी सगळ्यांच्या त्या राव मामी. त्यांचे यजमान रेल्वेत हेडक्लार्क होते, ते जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा उपेंद्र अमेरिकेत. रविवारी फोन करायचा आणि दर रविवारी म्हणायचा, आता तिथे एकटी कशाला राहतेस. अक्का म्हणायच्या, "एकटी कुठें? चाळीस जण आहोंत."

चाळीस म्हणजे कुंड्या. कुंड्या तरी कसल्या, रंगाचे डबे, फुटकी बादली, एक तर प्रेशर कुकर होता, झाकण हरवलेला. पण सगळ्यांतली माती एकच होती, आणि ती माती कुठून आली हे अक्कांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं.

आम्ही यायच्या आदल्या पावसाळ्यात वेलचेरीत पूर आला होता. अक्कांच्या घरात कंबरभर पाणी. त्या तीन दिवस नंगनल्लूरला नणंदेकडे जाऊन राहिल्या. परत आल्या तेव्हा पलंगाखालची मोठी पेटी पाण्यात बसलेली. त्या पेटीत त्यांच्या गोलूच्या बाहुल्या होत्या. इथे नवरात्रात घरोघरी पायऱ्या मांडून त्यांवर देवांच्या आणि माणसांच्या बाहुल्या बसवतात, त्याला गोलू म्हणतात. बायका एकमेकींकडे बघायला जातात, हळदीकुंकू होतं, उसळीसारखं सुंडल वाटतात. अक्कांच्या बाहुल्या सासूच्या सासूपासूनच्या, कच्च्या मातीच्या. पेटी उघडली तर आत नुसता चिखल. पायऱ्यांच्या लाकडी फळ्याही फुगून गेलेल्या.

"दशावतार कोणते, किराणावाले शेट्टी कोणते, कांही कळेना," अक्का म्हणाल्या. "सगळे एक झाले. मी म्हटलें, चला, बोम्मै शेवटीं पाण्यांतच जायचे. आम्हांला समुद्रावर जावें लागलें नाही, समुद्रच घरीं येऊन विसर्जन करून गेला."

हे सांगताना त्या हसत होत्या. बोम्मै म्हणजे बाहुल्या. तो चिखल त्यांनी फेकला नाही. वाळवला, शेणखत मिसळलं आणि कुंड्यांत भरला. तळमजल्यावर पुन्हा पाणी येईल म्हणून कुंड्या गच्चीवर नेल्या. पेटीतलं एकच जोडपं वाचलं होतं, लाल लाकडाचे नवरा-बायको. गोलूत हे जोडपं लागतंच. ते दोघं तेवढे पाण्यावर तरंगत राहिले होते. अक्कांनी त्यांना देवघरात ठेवलं. पण गोलू मांडणं त्यांनी तेव्हापासून बंद केलं. दुसऱ्यांच्या घरीही जात नसत. गुडघे दुखतात असं सांगायच्या, आणि त्याच गुडघ्यांनी दिवसातून दोनदा चार जिने चढायच्या.

२००७ च्या जून महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या पुरुषोत्तमन सरांच्या हॉलचं छत ओलं झालं.

पुरुषोत्तमन सर आमच्या असोसिएशनचे सेक्रेटरी. बँकेतून रिटायर झालेले, पण सही अजूनही तारीख घालून करायचे. त्यांनी मीटिंग बोलावली. छताला आलेला डाग त्यांनी पट्टी लावून मोजून आणला होता. गच्चीला वॉटरप्रूफिंग करायचं ठरलं, गणपती झाल्यावर, मोठा पाऊस सुरू व्हायच्या आत. आणि ठराव झाला की यापुढे गच्चीच्या जमिनीवर एकही कुंडी टेकायची नाही. ठेवायची तर भिंतीकडेला गच्चीच्या वर आलेल्या तुळईवर, लोखंडी स्टँडवर, खाली पाण्याचं तबक घालून. एवढं करूनही छत ओलं राहिलं तर कुंड्या कायमच्या जातील.

"मामी, तुमच्याबद्दल मला आदर आहे," सर म्हणाले.

"आदर ठेवा सार, पण कुंड्याही ठेवा," अक्का तमिळमध्ये म्हणाल्या. सगळे हसले. सर हसले नाहीत, त्यांनी मिनिट्स लिहून घेतली.

त्या रविवारी उपेंद्रचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. कुंड्यांचं ऐकून तो म्हणत असावा, माती तर आहे, सोड आता आणि इकडे ये. अक्का म्हणाल्या, "माती आहे तें मलाही ठाव आहे रे." आणि फोन ठेवला.

चाळीस कुंड्यांसाठी स्टँड आणायचा कुठून? वेलचेरी स्टेशनकडे जाणाऱ्या एका गल्लीत रंगा नावाच्या माणसाचं भंगाराचं दुकान होतं. पंख्यांची पाती, सायकलींची हँडलं, फ्रीजची दारं असला सगळा पसारा. सप्टेंबर अर्धा सरला तेव्हा आम्ही दोघी जुन्या लोखंडी पट्ट्या मिळतात का बघायला तिथे गेलो. अक्का रंगाशी वाद घालत होत्या. मी आत शिरले, आणि एका फ्रीजच्या दारामागे मला तो दिसला.

पायऱ्यापायऱ्यांचा लोखंडी स्टँड. जड, जुन्या घडणीचा. दोन्ही बाजूंच्या पत्र्यांवर ओतीव मोर, मोरांच्या चोचींत वेली, वेलींना कळ्या. गंजला होता, पण मोराचा पिसारा बोटाला लागत होता. नटबोल्ट सोडले की घडी व्हावी अशी रचना.

"अक्का!" मी ओरडलेच. "इकडे या! कुंड्यांचा स्टँड! अगदी आपल्यासाठीच केल्यासारखा!"

अक्का आल्या. बघितलं. हातातली पट्टी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "नको. चल."

"अहो, पण बघा तरी. केवढ्या कुंड्या मावतील!"

"नको म्हटलें ना सुनंदा. ऊन्ह वाढलें. चल."

घरी येईपर्यंत त्या मागे न बघता माझ्या पुढे चालत होत्या. मला वाटलं, रंगाने जास्त सांगितले असतील, नाहीतर एवढं धूड वर कसं न्यायचं ही काळजी असेल. अक्कांना कुणाचे उपकार घ्यायला आवडत नसे. मी मनाशी म्हटलं, आपणच आणू या आणि चकित करू या.

संधीही चालून आली. पितृपक्षात अक्का यजमानांच्या श्राद्धासाठी आठवडाभर तंजावरला दिरांकडे गेल्या. त्या सकाळच्या गाडीने गेल्या आणि दुपारी मी महेशला रंगाकडे नेलं. महेशने स्टँड बघितला, माझ्याकडे बघितलं.

"हे आपण चढवणार? चार जिने? लिफ्ट बंद असताना?"

"सुटा होतो तो."

"मीही होईन," महेश म्हणाला.

तीनचाकी हातगाडीवरून तो घरी आणला. नटबोल्ट रॉकेल घालून रात्रभर भिजवले, सोडवले, एकेक भाग वर नेला. पुढचे तीन दिवस मी पॉलिश पेपर घेऊन गच्चीवर होते. गंज घासला, रेड ऑक्साइडचा हात दिला, वर हिरवा रंग दिला, मोरांना निळा. मोराच्या डोळ्यांत पांढरे ठिपके दिले तेव्हा स्वतःवरच खूश झाले. मग भिंतीकडेच्या तुळईवर स्टँड उभा केला आणि कुंड्या लावल्या. तुळस सगळ्यांत खालच्या पायरीवर ठेवली, म्हणजे हळदकुंकू वाहायला आणि दिवा लावायला सोपं. मिरच्या आणि कढीपत्ता वर, त्यांना ऊन हवं. खालच्या पायरीवर तुळशीशेजारी जागा उरली, तिथे खुरपं, शेणखताचा डबा आणि माझ्या गच्चीवर घालायच्या चपला.

शनिवारी सकाळी सरांच्या बायको, महालक्ष्मी मामी, मिरच्या वाळत घालायला वर आल्या. स्टँड बघून त्यांनी तोंडावर हातच ठेवला.

"सुनंदा! गोलू पडीवर चपला?"

तोवर माझं तमिळ कामापुरतं झालं होतं. पडी म्हणजे पायरी. पण क्षणभर कळलंच नाही. मामींनी मला हाताला धरून समजावलं: हा स्टँड कुंड्यांचा नाहीच. नवरात्रात देवी जिच्यावर बसते ती ही पडी. कुणीतरी फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून मोडीत काढली असेल. इथलं शेंबडं पोरही ती लांबून ओळखेल.

मी आधी चपला उचलल्या. मग शेणखताचा डबा. मग तिथेच बसले. अक्का दुकानातून तशा का निघाल्या होत्या ते आता लख्ख दिसलं. ज्या गोष्टीकडे त्या दोन वर्षं पाठ करून होत्या, तीच मी रंगवून, मोराला डोळे देऊन त्यांच्या गच्चीवर आणून ठेवली होती. वर देवीचा अपमान तो वेगळा. घरी जाऊन देवापुढे नाक घासलं. महेश म्हणाला, "तुला माहीत नव्हतं, देवीला माहीत आहे की." ते खरं होतं, पण अक्कांना काय सांगू?

रविवारी अक्का आल्या. पिशवी घरात टाकून थेट वर. मी मागोमाग. गच्चीच्या दारात त्या थबकल्या. मी भराभर बोलून टाकलं, "अक्का, चुकलं माझं. मला ठाऊक नव्हतं. उद्याच रंगाला परत देते."

त्यांनी पदर खोचला. स्टँडजवळ गेल्या. बोटाने मोजायला लागल्या, ओठ हलत होते.

"आठ," त्या म्हणाल्या.

"हो, आठ आहेत."

"आठ पडी कोण ठेवतें गे?" त्यांनी खाली वाकून पायांशी बघितलं. खालच्या टोकाला दोन्ही मोरांच्या नख्यांशी कापल्याची खूण होती, मी तिच्यावरूनच रंग मारला होता. "नऊ होत्या. एक कोण्ही कापून नेली. तीन, पांच, सात, नऊ, अशाच असतात. आठ कधीं ऐकल्या नाहींत."

मग त्यांची नजर वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. आणि त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसावं लागलं.

"तुळस खालीं! आणि मिरची वर! अगे, वर कलश असतो, देव असतात. खालीं शेट्टी बसतो, डाळ-तांदूळ विकायला. तूं शेट्टीच्या जागीं तुळशीमायला बसवलीस आणि देवांच्या डोक्यावर मिरच्या!"

मलाही हसू आलं, रडूही आलं. "मग परत देऊ?"

हसणं थांबलं. त्यांनी मोराच्या डोळ्यावरून बोट फिरवलं. "उद्यां सांगतें," म्हणाल्या.

पण उद्या म्हणजे सोमवार, आणि वॉटरप्रूफिंगची माणसं मंगळवारी येणार होती. स्टँड नको म्हटलं असतं तर कुंड्यांना उभं राहायलाच जागा नव्हती. हे मला कळत होतं, त्यांना तर माझ्याआधी.

सोमवारी सकाळी अक्का वर आल्या त्या पदरात काहीतरी झाकून. पदर उघडला तर लाकडी जोडपं. नवऱ्याला कापडाच्या चिंधीचं नवं धोतर, बायकोला काठाची साडी.

"ऐक," त्या म्हणाल्या. "मी म्हणत होतें, बोम्मै नाहींत तर पडी कशाला. पण बोम्मै गेले कुठें? ते तर ह्या कुंड्यांत. मीच भरले ह्या हातांनीं. आणि तूं त्यांना पडीवर बसवलेंस. तुला कळलें नाही, मला कळलें नाही, ज्याचें त्यानें करून घेतलें." त्यांनी हात जोडले. मग लगेच आवाज बदलला. "पण आठ चालणार नाही. आणि मिरच्या उतरव."

नववी पायरी कशी करायची? खाली जमिनीवर टेकायचं नाही, म्हणजे वरच हवी. लोखंड जोडायचं तर वेल्डिंगवाला, तेवढा वेळ कुठे? मी विचार करता करता म्हटलं, "आमच्याकडे नवरात्रात घट बसवतात. मातीत गहू पेरायचे, मधे कलश. तो पाटावर असतो." आणि म्हणतानाच मला माझा पाट आठवला. लग्नात आईने दिलेला, शिसवी, चारी कोपऱ्यांना पितळेची फुलं. मी धावत घरी गेले, पाट आणला. आठव्या पायरीवर मागच्या कडेला दोन दोन विटा, त्यांवर पाट.

अक्का दूर जाऊन उभ्या राहिल्या. मोजलं. "नऊ," म्हणाल्या. "खालच्या आठ आमच्या, वरची एक तुमची. बरी आहे."

तेवढ्यात पुरुषोत्तमन सर आले, हातात डायरी, मागे महालक्ष्मी मामी. सरांनी स्टँड बघितला, तबकं बघितली, तुळईवर टेकलेले पाय बघितले. ठरावाप्रमाणे सगळं बरोबर होतं. मग म्हणाले, "पण मामी, उद्या काम सुरू. आजपासून चार दिवस हे सगळंच हलवावं लागेल. स्टँड, कुंड्या, सगळं. तुळईलाही केमिकल लावायचंय."

चाळीस कुंड्या आणि हे धूड, पुन्हा खाली, पुन्हा वर. सर डायरीत लिहीत होते तेव्हा महालक्ष्मी मामींनी अक्कांना बाजूला ओढलं. मी जवळच होते.

"मामी, आत्ताच कलश ठेवून टाका," त्या हळूच म्हणाल्या. "एकदा गोलू मांडला की दसऱ्यापर्यंत कुणी हलवत नाही. आमचे हे कितीही नियमाचे असले तरी मांडलेल्या गोलूला हात लावायची त्यांची छाती नाही. मी ओळखते ना."

खरंच होतं ते. मला वाटलं, सुटलो. पण अक्कांनी मान हलवली.

"नाही गे महालक्ष्मी. नवरात्र शुक्रवारीं लागतें, आज सोमवार. आणि देवीच्या आडून भांडायचें नाही. तुझ्या घरांत पाणी गळतें तें खरें आहे ना? मला ठाव आहे घरांत पाणी येणें म्हणजे काय." मग सरांकडे वळून म्हणाल्या, "सार, घ्या चार दिवस. पण गुरुवारीं संध्याकाळीं मला गच्ची पाहिजे."

"गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता," सर म्हणाले आणि तेही लिहून घेतलं.

कुंड्या खाली नेणार कोण? अक्कांनी मार्ग काढला. त्यांनी प्रत्येक दारावर टकटक केली. "तुझ्या दारांत तीन-चार पाहुणे ठेवतें. चार दिवस पाणी घाल. जास्त घालूं नकोस." बारा घरं होती. जिन्यातल्या प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक दारासमोर कुंड्या बसल्या. दुसऱ्या मजल्यावरची ऑफिसला जाणारी मुलं आधी कुरकुरली, मग संध्याकाळी त्यांतला एक जण अक्कांना विचारायला आला की दवण्याची पानं गळताहेत, ते बरं की वाईट. सरांच्या दारात अक्कांनी मुद्दाम तुळस ठेवली. बुधवारी सकाळी मी वर जाताना बघितलं तर सर अंघोळ करून, तांब्या घेऊन तुळशीला पाणी घालत होते. मला बघून म्हणाले, "ठरावात नाही हे."

गुरुवारी पाचला गच्ची मोकळी झाली. आम्ही स्टँड जोडला. मी आणि महेश पहिल्या कुंड्या आणायला खाली निघालो तर जिन्यात लोक कुंड्या घेऊन वर येत होते. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांत मागून पुरुषोत्तमन सर आले, धापा टाकत, दोन्ही हातांत तुळस.

"सार, वर. पाटाखालच्या पायरीवर," अक्का म्हणाल्या. "शेट्टीच्या जागीं नको."

शुक्रवारी घट बसला. पाटावर माझा घट, कलश, अक्कांचं लाकडी जोडपं. खाली तुळस, मरवा, दवणा, अबोली, जास्वंद. सगळ्यांत खाली मिरची, कढीपत्ता, कोथिंबीर, कारण शेट्टीकडे स्वयंपाकाचंच असतं. तुळईच्या दोन्ही टोकांना समया. अक्का दोन वर्षांनी रेशमी साडी नेसल्या होत्या. पलीकडच्या बिल्डिंगमधून बायका बघायला आल्या. "बोम्मै कुठे आहेत मामी?" एकीने विचारलं. "हे काय," अक्का म्हणाल्या, "फक्त ह्यांना रोज जेवायला घालावें लागतें." आणि तिच्या हातावर चण्याचं सुंडल ठेवलं.

सहाव्या दिवशी दुपारी चारला आभाळ भरून आलं. आम्ही दहाबाराजणी वर होतो, हळदीकुंकू चालू होतं. पाऊस असा आला की ताटं उचलायला वेळ मिळाला नाही. समया आणि जोडपं एवढं घेऊन आम्ही जिन्यात पळालो. घट हलवत नाहीत, तो ऑफिसातून लवकर आलेल्या महेशच्या छत्रीखाली वरच राहिला, आणि घटाबरोबर महेशही.

आणि मग सगळ्यांना एकदमच आठवलं. तिसऱ्या मजल्यावर सरांचं दार उघडं होतं. सर हॉलच्या मधोमध उभे, मान वर. आम्ही सगळ्या हातांत सुंडलच्या वाट्या घेऊन आत शिरलो आणि छताकडे बघायला लागलो. वर पावसाचा आवाज, खाली बाराजणांच्या माना वर. छतावर जुन्या डागाची पिवळी कड तेवढी दिसत होती. अक्का दाराशीच थांबल्या होत्या. त्यांच्या हातात लाकडी नवरा-बायको होते, आणि त्या छताकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या, मी काय बघते ते.

अर्धा तास झाला. महालक्ष्मी मामींनी कॉफी केली. पाऊस ओसरला. सरांनी स्टूल आणलं, त्यावर चढले, तळहात छताला लावला. मग उतरले, चष्मा पुसला.

"कोरडं," ते म्हणाले.

गर्दी बघून दारात डोकावलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाने शिट्टीच मारली. अक्का तिथेच उंबऱ्यावर टेकल्या. लाकडी बायकोची साडी नीट करत हळूच म्हणाल्या, "ऐकलेंस का, कोरडें आहे म्हणे." ते त्या कुणाला म्हणाल्या मी विचारलं नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी रीतीप्रमाणे एक बाहुली आडवी झोपवतात, म्हणजे गोलू संपला. अक्कांनी लाकडी जोडप्याला तुळशीच्या कुंडीत, मुळाशी झोपवलं. दुसऱ्या दिवशी सर वर आले, डायरीसकट.

"मामी, गोलू झाला. आता पडी काढायची ना? बाहुल्या पेटीत जातात."

"जातात सार," अक्का म्हणाल्या. "पण ह्या बोम्मैंना पेटींत ऊन्ह मिळत नाही."

सरांनी थोडा विचार केला. डायरी उघडली नाही. "माझ्या दारात एक रोप असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "तुळशीचं. सवय लागली चार दिवसांत." अक्कांनी खुरपं उचललं.

मी माझा पाट काढायला गेले. घट उठवला होता, गव्हाचे अंकुर वाटून झाले होते, आता पाटाचं काम काय? अक्कांनी माझा हात धरला.

"तो काढलास तर आठ होतील."

पाट तिथेच राहिला. महेशने त्याला दरवर्षी वॉर्निश मारलं, तरी पावसाने त्याचा रंग उडाला, पितळेची फुलं हिरवी पडली. आई अजून फोनवर विचारते, "अगं, तो शिसवी पाट कुठे दिसत नाही तुझ्याकडे?" मी सांगते, देवीच्या कामाला लावलाय. त्यावर आता अबोलीची कुंडी असते.